मिठावर आलेला आळ

पौष महिना आला की आपल्याकडे शाकंभरीचे नवरात्र बसते. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी. पौर्णिमेला तिच्यापुढे नाना तऱ्हेच्या भाज्यांचा नैवेद्य मांडावयाचा, ही चाल पुष्कळ घरांतून अजून चालू आहे. या देवीचे एक जुने ठाणे दूर राजस्थानातही आहे. जयपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर मिठाचे एक अफाट सरोवर पसरले आहे, आणि त्याच्या काठच्या खडकावर शाकंभरीचे देऊळ उभे आहे. शाकंभरी या नावाचेच लोकांच्या तोंडी ‘सांभर’ झाले, असे मानतात. दुष्काळात आपल्या देहातून शाकभाजी उत्पन्न करून लोकांना जगविणारी ही देवता. आणि तिच्या पायाशी मात्र गवताचे पातेही नीट रुजू नये अशी खारी जमीन! हा विरोध तेथील लोकांच्याही ध्यानात आला असावा, कारण त्यांनी त्यासाठी एक कथा सांगितली आहे. देवीने प्रसन्न होऊन येथल्या रानाचे चांदीचे मैदान केले. पण चांदीपायी आपसांत तंटे माजतील या भयाने लोकांनी वरदान परत घेण्याची विनवणी केली, तेव्हा तिने चांदीचे मीठ करून टाकले.

त्या मिठाला पुढे चांदीचेच मोल आले. चौहानांची जुनी राजधानी याच काठी होती. जयपूर आणि जोधपूर या दोन संस्थानांनी सरोवराचे उत्पन्न वाटून खाल्ले, आणि १८७० मध्ये इंग्रज सरकारने ते दोघांकडूनही पट्ट्याने घेतले. मेंढा आणि रूपनगढ या नद्या पावसाळ्यात पाणी आणतात, ते समुद्राला न मिळता येथेच साचते, उन्हाने आटते आणि मीठ मागे ठेवते. देशातले हे सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर. हिवाळ्याच्या तोंडी मध्य आशियातून आणि सैबेरियातून हिमालय ओलांडून येणाऱ्या पक्ष्यांचे ते विश्रांतिस्थान आहे, आणि त्याच कारणाने १९९० मध्ये त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली.

२०१९ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पक्षी पाहावयास गेलेल्या मंडळींना या काठावर मेलेले पक्षी आढळले. एक-दोन नव्हेत, दृष्टी पोहोचेल तेथवर चिखलात काळे-पांढरे ठिपके पसरलेले. त्यांत चमच्यासारख्या चोचीची थापट्या बदके होती, लांब लाल पायांचे शेकाट्या होते, चोच वर वळलेले उचाट्या होते, चिखल्या होते, आणि ज्यांच्या विरहाने आपले संस्कृत कवी शतकानुशतके व्याकुळ झाले ते चक्रवाकही होते. मेलेल्यांपेक्षा जिवंत असलेल्यांची अवस्था पाहणाऱ्याला अधिक चटका लावणारी होती. अंगावर जखम नाही, पिसे विस्कटलेली नाहीत. पण पंख उचलत नाहीत, पाय मागे फरफटतात, डोळ्यांवरचा पडदा हलत नाही. शेवटी मानेचे स्नायूही ढिले पडतात आणि वीतभर पाण्यात डोके टेकवून पक्षी बुडून मरतो. पोहण्यासाठीच जन्मलेला प्राणी वीतभर पाण्यात बुडावा, ही गोष्टच ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. काही दिवसांत मृतांची मोजदाद १८,००० च्या वर गेली.

हे कशाने झाले? तर्क पुष्कळ झाले. बर्ड फ्लूची साथ असेल, असे प्रथम वाटले. भोपाळच्या प्रयोगशाळेने ती नसल्याचे सांगितले. कोणी कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखविले, कोणी कीटकनाशकांकडे. आणि सरोवर मिठाचे असल्यामुळे संशयाची सुई साहजिकच मिठाकडेही वळली: पाण्यातले क्षार वाढले असतील आणि ते पक्ष्यांच्या रक्तात भिनले असतील, असा हा तर्क होता. उच्च न्यायालयाने स्वतः होऊन या प्रकरणाची दखल घेतली. तिसऱ्या आठवड्यात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने निर्णय दिला की, हा पक्ष्यांना होणारा बॉट्युलिझम आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूने निर्माण केलेल्या एका प्रथिनाने हे पक्षी मारले होते.

श्रोतेहो, मिठावर हा आळ येण्याची ही पहिली वेळ नव्हे. पूर्वी तो एकदा आला होता, चांगला वीस वर्षे टिकला होता, आणि तो घेणारा मनुष्य सामान्य नव्हता. म्हणून आता आपण सांभरचा काठ थोडा वेळ सोडून दुसऱ्या एका खाऱ्या सरोवराकडे जाऊ.

अमेरिकेच्या यूटा संस्थानात ‘ग्रेट सॉल्ट लेक’, म्हणजे शब्दशः ‘मोठे मीठ-सरोवर’, आहे. १९१० च्या उन्हाळ्यात त्याच्या भोवतीच्या दलदलीत बदके लक्षावधींनी मेली. लक्षणे हीच: गळालेले पंख, लुळी मान, उथळ पाण्यात मृत्यू. सरकारने अलेक्झांडर वेटमोर या तरुण पक्षिशास्त्रज्ञाला चौकशीस पाठविले. पुढे हा गृहस्थ स्मिथसोनियन संस्थेच्या प्रमुखपदापर्यंत चढला. वेटमोरने काम मनापासून केले. त्याने आजारी बदके पकडून आणली, त्यांना गोडे पाणी पाजले, आणि त्यांतली पुष्कळशी बरी झाली. यावरून त्याने जे अनुमान काढले ते कोणीही काढले असते. गोड्या पाण्याने उतार पडतो, तर रोग खाऱ्या पाण्याचा असला पाहिजे! १९१५ आणि १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालांत त्याने पाणी आटल्यामुळे तीव्र झालेल्या क्षारांना दोषी ठरविले. उपाय बरोबर होता; कारण मात्र चूक होते. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत, आणि ती फार चिवट असतात. उपाय लागू पडत असला की कारणाची फेरतपासणी करण्याची कोणाला गरज वाटत नाही.

गंमत अशी की, खऱ्या आरोपीचे नाव त्या वेळी युरोपात चांगले ठाऊक होते. फक्त त्याचा संबंध बदकांशी असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. त्याची ओळख पटली होती ती स्वयंपाकघरात. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घरी भरलेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे मरत. युस्टिनुस केर्नर नावाच्या तिथल्या एका वैद्याने अशा रोग्यांच्या हकीकती गोळा करून १८२० आणि १८२२ मध्ये दोन ग्रंथ लिहिले. हा केर्नर कवी म्हणूनही आपल्या भाषेत प्रसिद्ध होता. कवीची नजर त्याला येथे उपयोगी पडली असे मला वाटते, कारण रोग्याची शुद्ध अखेरपर्यंत शाबूत राहते, फक्त शरीर त्याची आज्ञा पाळीनासे होते, ही गोष्ट त्याने फार नेमकी टिपली आहे. त्याने ते विष स्वतः चाखूनही पाहिले. मज्जातंतू अनावर झालेल्या रोगांत हेच विष कणभर दिले तर औषध होईल, अशीही त्याची कल्पना होती. ती दीडशेहून अधिक वर्षांनी खरी ठरली आणि आज डोळ्यांच्या व मानेच्या स्नायूंच्या आचक्यांवर डॉक्टर ते टोचतात. सुरकुत्या घालविण्यासाठी त्याचा जो उपयोग होतो तो केर्नरला सुचला नव्हता, हे त्याच्या कीर्तीच्या दृष्टीने बरेच झाले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बॉट्युलस’ म्हणतात; त्यावरून रोगाचे नाव पडले.

जंतू सापडला तो १८९५ च्या डिसेंबरात बेल्जममधल्या एलेझेल या खेड्यात. एका वृद्धाच्या अंत्ययात्रेत वाद्ये वाजविणाऱ्या मंडळींनी नंतर डुकराच्या खारवलेल्या मांसावर ताव मारला. पुष्कळ जण आजारी पडले, तिघे मेले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून आणि एका मृताच्या प्लीहेतून एकच जंतू वेगळा काढला. हा कोख यांचा शिष्य. जंतू हवेत वाढत नव्हता. ज्या ठिकाणी प्राणवायू पोहोचत नाही अशाच जागी तो विष तयार करी. व्हान एर्मेंगेमने आणखी एक निरीक्षण नोंदविले आहे, आणि ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे: मिठाचे प्रमाण पुरेसे असेल तर मांसात हे विष तयारच होत नाही. म्हणजे ज्या मिठाला यूटामध्ये पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते वस्तुतः या जंतूचे वैरी होते. ही साक्ष १८९७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होती. तिच्याकडे पक्षिशास्त्रज्ञांनी पाहिले नाही, कारण ती खाद्यपदार्थांच्या शास्त्रात होती.

या दोन शास्त्रांमधला पूल अखेर एका अळीने बांधला, असे म्हटले तर चालेल. १९२२ मध्ये अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आयडा बेंग्टसन या विदुषीने कोंबड्यांच्या ‘लुळ्या मानेच्या’ रोगाचा शोध घेताना हिरव्या माशीच्या अळ्यांतून या जंतूचा एक नवा प्रकार वेगळा केला. त्याला ‘सी’ हे अक्षर मिळाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सेडन याला गुरांच्या लकव्यात जवळजवळ तसाच जंतू सापडला. दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर याने याच सुमारास गुरांच्या एका जुन्या कोड्याचा उलगडा केला होता. तिथल्या कुरणांत स्फुरद कमी, म्हणून गाई मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत; आणि त्या हाडांना चिकटलेल्या कुजक्या मांसातून हे विष त्यांच्या पोटात जाई. हाडाचा भुगा खाण्यात घातला की गाय हाडाकडे ढुंकूनही पाहत नसे. हे आफ्रिकेचे झाले म्हणून आपण दूरचे समजू नये. सांभरच्या पश्चिमेस जैसलमेरच्या वाळवंटात पशुपालक ज्याला ‘कर्रा’ म्हणतात तो गाईंचा रोग हाच आहे, आणि त्याची वाटही तीच आहे: सत्त्वहीन चारा, हाडे चघळण्याची खोड, मग पायांतले बळ जाणे. आपल्या धनगरांना पावसाळ्यापूर्वी मेंढ्यांना टोचून घ्यावा लागणारा ‘आंत्रविषार’ ठाऊक आहे, शेतकऱ्यांना जनावरांचा ‘फऱ्या’ ठाऊक आहे. हे सारे याच क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या जंतूंचे उपद्व्याप. ‘विषार’ हा शब्द आपल्या पशुवैद्यांनी जंतूच्या विषाला योजिला आहे, तो मला फार समर्पक वाटतो, म्हणून यापुढे मी तोच वापरतो.

१९३० मध्ये कॅल्मबाक या संशोधकाने यूटाच्या बदकांत ‘सी’ प्रकारचा विषार दाखवून दिला आणि मीठ निर्दोष सुटले. तेव्हापासून तज्ज्ञांना रोगाचे कारण माहीत आहे. परंतु तज्ज्ञांना माहीत असणे आणि मैलोगणती चिखलाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर आठवणे, या दोहोंत अंतर असते. २०१९ मध्ये सांभरला ते अंतर काही दिवसांचे पडले. ते दिवस का महाग गेले, हे समजण्यासाठी या विषाराच्या घडणीकडे वळले पाहिजे.

हा विषार म्हणजे कोणताही क्षार नाही, वायू नाही, साप-विंचवाच्या विषासारखा अनेक द्रव्यांचा काढाही नाही. ते एकच प्रथिन आहे. सुमारे तेराशे ॲमिनो आम्ले ओळीने गुंफून जंतू त्याची माळ तयार करतो. तिचे वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे दीड लाख पट भरते. ही माळ पुढे एका ठिकाणी कापली जाते आणि तिचे दोन तुकडे होतात, एक मोठा, एक त्याच्या निम्मा. ते सुटे मात्र होत नाहीत. गंधकाच्या दोन अणूंचा एक दुवा त्यांना जोडून ठेवतो. मोठ्या तुकड्याचे काम वाटाड्याचे. मज्जातंतूचे टोक जेथे स्नायूला भिडते तेथली ओळखीची खूण शोधून तो तिला चिकटतो, आणि तंतू त्याला बेसावधपणे आत ओढून घेतो. आतल्या पिशवीत आम्लता वाढली की मोठा तुकडा आपला आकार बदलतो आणि लहान तुकड्याला पिशवीच्या भिंतीपलीकडे पेशीच्या गाभ्यात सोडतो. तेथे तो गंधकाचा दुवा तुटतो. आता लहान तुकडा मोकळा झाला. आणि खरा कारागीर तो आहे. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू बसविलेला असतो, आणि त्याच्या साहाय्याने तो कात्रीसारखा वागतो.

कात्री चालते कशावर? स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या रूपाने देतो. ते द्रव्य तंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेले असते. पिशवी टोकाच्या पडद्याला भिडून फुटली पाहिजे, तर हुकूम बाहेर पडणार. पिशवीला पडद्याशी ओढून आणण्याचे काम तीन प्रथिने करतात. दोरीचे पदर एकमेकांत पिळावेत तशी ती एकमेकांत पिळली जातात आणि पिशवी खेचली जाते. ‘सी’ विषार यांपैकी सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ ही दोन प्रथिने कापतो. पीळ बसत नाही, पिशवी जागची हलत नाही, द्रव्य भरलेले असून बाहेर पडत नाही. तंतू मेलेला नाही, स्नायू मेलेला नाही, मेंदू सावध आहे; फक्त दोहोंमधला निरोप्या मुका झाला आहे. पुष्कळशी विषे ज्याच्याशी भिडतात त्यालाच बिघडवितात आणि तेथे संपतात. ही कात्री एक प्रथिन कापून झाले की दुसऱ्याकडे वळते. स्वतः ती झिजत नाही. यामुळेच तिची मात्रा विश्वास बसू नये इतकी थोडी लागते. याच जंतूच्या ‘ए’ प्रकारच्या विषाराने उंदीर मारावयाचा, तर त्याच्या वजनाच्या दर किलोमागे ग्रॅमचा सुमारे अब्जावा भाग पुरतो.

कात्रीचा हा शोध फार जुना नाही. निरोपाचे द्रव्य बाहेर पडत नाही, एवढे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये दाखविले गेले; पण ते का, हे कळण्यास आणखी त्रेचाळीस वर्षे लागली. १९९२ मध्ये इटलीतल्या पाडुआ येथे मोंतेकुको, स्क्यावो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या आणि बॉट्युलिझमच्या ‘बी’ विषारात जस्त असल्याचे ओळखून ते कोणते प्रथिन कापतात हे सांगितले. होय, धनुर्वाताचा! ज्या रोगात माणसाचे अंग धनुष्यासारखे ताठ होते आणि ज्या रोगात पक्ष्याची मान फडक्यासारखी लोंबते, त्या दोन्हींच्या विषारांची घडण आणि कसब एकच. भेद एवढाच की, बॉट्युलिझमचा विषार स्नायूच्या दाराशी थांबून हुकूम अडवितो, तर धनुर्वाताचा विषार तंतूतून वर चढून पाठीच्या कण्यात जातो आणि स्नायूंना आवरून धरणारा लगामच कापतो. एकच कात्री, ती कोठे चालते यावर शरीर लुळे पडणार की ताठणार हे ठरते.

प्रथिन पोटात गेले तर ते पचून जावयास नको काय, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. उघड्या विषाराचा पोटात फारसा निभाव लागत नाही. पण जंतू त्याला एकटे सोडीत नाही. विषाराभोवती दुसऱ्या काही प्रथिनांचे कवच असते. जठरातले आम्ल ते सोसते आणि आतड्यात विषाराला पलीकडे उतरवून देते. याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे ‘सी’ विषार तयार करण्याची कृती जंतूची स्वतःची नाही. ती जंतूत शिरून राहणाऱ्या एका विषाणूने आणलेली असते. तो विषाणू निघून गेला की तोच जंतू निरुपद्रवी होतो. १९७० च्या सुमारास जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी हे सिद्ध केले. म्हणजे बदकाला मारणारा जंतू, जंतूला शस्त्र पुरविणारा विषाणू, आणि या सर्वांना वाहून नेणारी माशीची अळी, अशी ही भागीदारी आहे.

आणि इतके जहाल असूनही हे विष नाजूक आहे. ८५ अंश सेल्सिअस उष्णतेत पाच मिनिटे ठेवले की प्रथिनाची घडी विसकटते आणि त्याचा प्रभाव संपतो. चिवट आहे ते जंतूचे बीज, म्हणजे बीजाणू. ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही आणि तळ्याच्या चिखलात वर्षानुवर्षे पडून राहते. पाणपक्षी ते सहज गिळतात; जिवंत पक्ष्याच्या आतड्यात त्याने सहसा काही बिघडत नाही.

आता सांभरला परत येऊ. कित्येक वर्षे सरोवर अर्धेअधिक कोरडे असे. २०१९ चा पावसाळा चांगला झाला, सरोवर पुष्कळ भरले. खारेपणा खाली आला, पाण्यात किडे, शेवंडवर्गी सूक्ष्म प्राणी आणि शेवाळ वाढले, आणि खाद्य पाहून पक्षीही दाटीने उतरले. पुढे पाणी ओसरू लागल्यावर ते बारीक जीव मरू लागले. तज्ज्ञांनी साथीचा उगम या उलथापालथीत पाहिला आहे. मीठ तीव्र असते तर कदाचित जंतूला डोके वर काढता आले नसते. व्हान एर्मेंगेमचे निरीक्षण येथे आठवावे. अशा वेळी एखादा पक्षी कोणत्याही कारणाने मरतो. त्याच्या आतड्यात बीजाणू असतातच. मृत शरीरात प्राणवायू नाही, प्रथिने विपुल आहेत, राजस्थानातल्या नोव्हेंबरची दुपार उबदार आहे. जंतूला यापरते काय पाहिजे? तो शवात विषार साठवितो. माशा अंडी घालतात, अळ्या ते मांस खातात. अळ्यांवर विषाराचा काही परिणाम होत नाही; त्या तो अंगात बाळगतात. एका बदकाच्या शवातून हजारो अळ्या निघतात, आणि अशा दोन-चार अळ्या टिपणारा पक्षी मरावयास पुरेसा असतो. तो मेला की तोही दुसरा कारखाना. अशा साथीचा हिशेब बेरजेने नव्हे, गुणाकाराने करावा लागतो.

म्हणूनच ते दिवस महाग पडले. फ्लूचा संशय असताना शवांना हात लावण्यास माणूस कचरतो, आणि ते योग्यच आहे. पाण्याचा दोष असेल तर पाण्याचे नमुने घेत बसणे आले. परंतु या रोगात शव हाच कारखाना असल्यामुळे नमुना प्रयोगशाळेत प्रवास करीत असताना सरोवरावर उत्पादन चालूच राहते. निदान करण्याची जुनी रीत उंदरांची आहे: आजारी पक्ष्याच्या रक्तातला द्रव काही उंदरांना टोचावयाचा, काहींना त्याच्याबरोबर त्या त्या प्रकाराचे प्रतिविषही द्यावयाचे, आणि कोण जगतो ते पाहावयाचे. खात्रीची रीत, पण सावकाशीची. माझ्या मते लक्षणे इतकी बोलकी असताना निदानाची वाट न पाहता पहिल्या शेकड्यातच शवे उचलावयास हवी होती. हातमोजे घालून ती पुरली अथवा जाळली तर संशय फ्लूचा असला तरी काही बिघडत नाही.

येथे दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. कॅनडातल्या मोठ्या सरोवरांवर शवे गोळा करण्याचा फायदा किती होतो याची पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हा तो अपेक्षेइतका दिसला नाही. लव्हाळ्यांत दडलेली शवे सापडतच नाहीत, आणि जी राहतात ती साथ चालू ठेवण्यास पुरतात. सांभरला लव्हाळी नाहीत. उघडे मैदान आहे, शव दुरून दिसते. पण तो चिखल मनुष्याला मांडीपर्यंत गिळतो. २०१९ मध्ये वनखात्याच्या आणि पशुसंवर्धनखात्याच्या माणसांनी, आपत्ती निवारण दलाने आणि स्वयंसेवकांनी त्या चिखलात उतरून शवे वेचली आणि खड्ड्यांत पुरली. यूटामध्ये यापेक्षा वेगळा मार्ग धरला गेला होता. १९२८ मध्ये बेअर नदीच्या मुखाशी पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र ठरविले गेले, आणि तेथे बांध घालून पाण्याची पातळी हाती ठेवण्याची व्यवस्था झाली. तरीही तेथे रोग नाहीसा झालेला नाही. बीजाणू चिखलातून काढून टाकता येत नाहीत. सांभरलाही २०२४ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा शेकडो पक्षी मेले, आणि कारण तेच निघाले.

२०१९ मध्ये जिवंत सापडलेले पक्षी फुलेराजवळच्या काचरोदा येथील वनखात्याच्या रोपवाटिकेत नेले जात होते. तेथे करावयाचे ते फार थोडे होते. कापली गेलेली प्रथिने मज्जातंतू कालांतराने पुन्हा घडवितो. तोवर पक्षी तगला पाहिजे, एवढेच. म्हणून त्यांना उन्हापासून आडोसा करीत, मान पाण्यात पडू नये म्हणून आधार देत, आणि शंभर वर्षांपूर्वी वेटमोरने जे चुकीच्या कारणाने केले होते तेच करीत: चोच हळूच उघडून तीत थेंबाथेंबाने गोडे पाणी सोडीत.